कांड्या फुल, नेट गुल

लॅपटॉपच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतायत आणि मीटिंगमध्ये मात्र साहेबांचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजलाय. अशा वेळी घरात पहिलं वाक्य उमटतं, 'नेट गेलं'. दुसरं, 'राउटर बंद करून चालू कर'. तिसरं कंपनीच्या नावाने असतं, ते इथे छापण्यासारखं नसतं. पण गोम पहिल्या वाक्यातच आहे. 'नेट गेलं' म्हणजे नेमकं काय गेलं?

त्या कांड्या सांगतात ती बातमी फार तोकडी असते. राउटरचा आवाज लॅपटॉपला किती मोठ्याने ऐकू येतोय, एवढंच त्या दाखवतात. लॅपटॉपचं बोलणं राउटरपर्यंत पोचतंय की नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, त्याचा ट्रान्समीटर बहुधा राउटरपेक्षा अशक्त असतो. त्यामुळे राउटरचं याला ऐकू येतं, पण याचं राउटरला येत नाही, असा एकतर्फी कारभार सर्रास चालतो. राउटरच्या पलीकडे काय चाललंय, याचा तर कांड्यांशी काही संबंधच नाही. बाहेर रस्ता खणताना कुणी फायबर तोडली असली, तरी घरातल्या कांड्या फुलच दिसतात.

लॅपटॉपपासून वेबसाइटपर्यंत निदान तीन टप्पे आहेत. पहिला हवेतला, लॅपटॉप ते राउटर. दुसरा वायरीचा, राउटर ते कंपनी. तिसरा कंपनीपासून पुढच्या जगाचा. वायफाय म्हणजे यातला फक्त पहिला टप्पा. कुठला टप्पा तुटलाय हे न पाहता उपाय सुरू केले की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं होतं. फायबर तुटलेली असते आणि आपण लॅपटॉप फॉरमॅट करून बसतो. लॅपटॉपचा ड्रायव्हर बिघडलेला असतो आणि आपण महिन्याला दोनशे रुपये जास्त मोजून प्लॅन वाढवून घेतो.

राउटर बंद-चालू केल्यावर बऱ्याचदा बरं वाटतं, हे खरं आहे. त्याला कारणंही आहेत. राउटरची मेमरी मोकळी होते, उघड्या जोडण्यांची यादी कोरी होते, तो रेडिओचा चॅनेल नव्याने निवडू शकतो आणि कंपनीशी नव्याने संधान बांधतो. मात्र यातल्या नेमक्या कशाने गुण आला, ते कधीच कळत नाही. बटण दाबलं की पुरावा पुसला जातो आणि चार दिवसांनी तेच दुखणं पुन्हा वर येतं. म्हणून माझा आग्रह असतो की हात बटणाकडे जाण्याआधी दोन मिनिटं थांबावं आणि बिघाड चालू असतानाच त्याची तपासणी करावी. बिघाड निघून गेल्यावर तपासायला काही उरत नाही.

तपासणीची पहिली पायरी फुकट आहे. फोन त्याच वायफायला जोडा, मोबाइल डेटा आठवणीने बंद करा आणि लॅपटॉपच्या शेजारी ठेवून एखादं पान उघडून पाहा. डेटा चालू राहिला तर फोन गुपचूप सिमकार्डावरून नेट ओढतो आणि आपली फसगत होते. फोनही अडकला, तर लॅपटॉप निर्दोष असण्याची शक्यता मोठी. फोन सुरळीत चालला, तर संशय लॅपटॉपवर. एवढ्याने निम्मं काम होतं.

दुसरी पायरी पिंगची. विंडोजच्या स्टार्टमध्ये 'सीएमडी' ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप केली की एक काळी खिडकी उघडते. तिथे 'आयपीकॉन्फिग' असं इंग्रजीत लिहून एंटर मारलं की बऱ्याच ओळी येतात. त्यातल्या वायफायच्या भागात 'डिफॉल्ट गेटवे' या नावापुढे जो आकडा असतो, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो आपल्या राउटरचा पत्ता. आता 'पिंग', एक जागा सोडून तो पत्ता, पुन्हा जागा सोडून उणे चिन्ह आणि 'टी' असं लिहिलं की लॅपटॉप दर सेकंदाला राउटरला साद घालतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले, ते ओळीओळीने छापत जातो. दुसरी काळी खिडकी उघडून तिथे हीच साद ८.८.८.८ या पत्त्याला घाला. तो गुगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, म्हणजे घराबाहेरचा भरवशाचा खांब. मॅकवर हेच काम टर्मिनलमध्ये होतं, तिथे शेवटचा 'टी' लागत नाही. थांबवायला कंट्रोल आणि सी.

दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून पाहत राहा. तब्येत ठणठणीत असेल, तर राउटरच्या खिडकीत दोन, तीन, दोन, चार असे आकडे येतात. बाहेरच्या खिडकीत गाव आणि कंपनी यांनुसार पाच-दहा ते तीस-चाळीस. आता व्हिडिओ अडकला त्या क्षणी काय दिसतं ते महत्त्वाचं. राउटरच्या खिडकीत दोन-तीन चालूच आहे आणि बाहेरच्या खिडकीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येऊ लागलं, तर वायफाय बिचारं निरपराध आहे. दुखणं राउटरच्या पलीकडे आहे आणि या घडीला लॅपटॉपमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. उलट राउटरच्याच खिडकीत दोनवरून एकदम एकशे ऐंशी, मग तीनशे, मग एक उत्तर गायब, असं दिसलं, तर बिघाड घरातच आहे. त्यातही तेव्हा कुणी फोनचे फोटो क्लाउडवर चढवत नव्हतं ना, एवढं पाहून घ्या. भरगच्च अपलोड चालू असला की काही राउटर स्वतःच गुदमरतात. तसं नसेल, तर हवेतला टप्पा डळमळतोय. बाहेरच्या खिडकीतले आकडेही तेव्हा बिघडतात, पण तो परिणाम आहे, कारण नव्हे. दोन्ही खिडक्या उत्तम आणि तरी एकही वेबसाइट उघडत नाही, असाही प्रकार असतो. तेव्हा बहुधा वेबसाइटच्या नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा झोपलेली असते. सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घातलं की काम होतं. ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल, तर आधी तो बंद करून पाहा. तो स्वतःच मध्ये अडून बसलेला असू शकतो.

'आयपीकॉन्फिग'च्या त्याच ओळींत लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. वाट पाहून पाहून लॅपटॉपने स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय. अशा वेळी वायफाय जोडलेलं दिसतं आणि चालत मात्र काहीच नाही. ते नेटवर्क लॅपटॉपमधून 'फर्गेट' करून पासवर्ड टाकून पुन्हा जोडलं की बहुतेकदा सुटतं.

आता हवेकडे वळू. घरातल्या बहुसंख्य तक्रारी इथल्याच असतात.

वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ साली हा आणि आणखी दोन पट्टे परवान्याविना वापरायला खुले केले. ते तोवर मुख्यतः उद्योग, विज्ञान आणि वैद्यकातल्या यंत्रांसाठी राखलेले, दळणवळणाच्या दृष्टीने जवळजवळ टाकाऊ समजले जाणारे पट्टे होते. भारतात २.४ गिगाहर्ट्झसाठी परवान्याची अट २००५ साली गेली. परवाना नाही म्हणजे कुणीही यावं आणि बोलावं. वायफाय तिथे भाडेकरूही नाही, गर्दीतला एक आहे. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात, मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात, बिनतारी माउसचं ते इवलं टोपण त्याच पट्ट्यात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे राउटरही तिथेच.

या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे चॅनेल आहेत. ऐकायला तेरा भरपूर वाटतात. पण दोन चॅनेलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि एका वायफायला लागणारी जागा २० मेगाहर्ट्झ किंवा थोडी जास्त. म्हणजे एकमेकांच्या पायांत न येणारे तीनच उरतात: १, ६ आणि ११. डोंबिवलीतल्या किंवा पिंपरीतल्या एखाद्या सात मजली सोसायटीत लॅपटॉप उघडून आसपासच्या नेटवर्कांची यादी पाहिली तर वीस-पंचवीस नावं सहज दिसतात. ती सगळी या तीन जागांत दाटीवाटीने बसलेली असतात.

बरं, वायफायची रीत अशी की बोलण्याआधी ऐकायचं. आपल्या चॅनेलवर दुसरं कुणी बोलत असेल, तर थांबायचं, तो गप्प झाला की थोडा वेळ वाट पाहायची आणि मग आपलं बोलायचं. एकाच चॅनेलवरची दोन घरं एकमेकांचं ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात. वेग घटतो, पण कारभार चालतो. कुणी अतिशहाणपणाने 'मधला मोकळा' म्हणून चॅनेल ३ घेतला की मात्र पंचाईत होते. गणपतीत एकाच मांडवात एका माइकवर पाळी लावून बोलणं वेगळं आणि शेजारच्या दोन मांडवांतले कर्णे एकाच वेळी सुरू होणं वेगळं. ३ वरच्याला १ वरचं आणि ६ वरचं बोलणं समजत नाही, फक्त कलकलाट ऐकू येतो, आणि त्यांनाही याचा. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल हाताने निवडणार असाल, तर १, ६, ११ यांच्यापलीकडे जाऊ नका, आणि रुंदी ४० नव्हे, २० मेगाहर्ट्झ ठेवा. दाट वस्तीत रुंदी वाढवली की कागदावरचा वेग वाढतो आणि प्रत्यक्षातला घसरतो.

या पाळीच्या रीतीतून आणखी एक गोष्ट निघते. हवेतला वेळ सगळ्यांचा मिळून एकच असतो. आतल्या खोलीतला जुना फोन सिग्नल अगदी क्षीण असल्यामुळे सेकंदाला ६ मेगाबिटच्या चालीने बोलत असेल, तर तेवढीच माहिती ३०० च्या चालीने पाठवणाऱ्या लॅपटॉपपेक्षा त्याला ढोबळमानाने पन्नासपट वेळ लागतो. तेवढा वेळ लॅपटॉप मुकाट उभा. म्हणजे राउटरच्या शेजारी बसूनही नेट अडखळत असेल, तर दोषी आतल्या खोलीत मालिका पाहत असू शकतो.

मायक्रोवेव्हबद्दल बरंच काही बोललं जातं. तो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्याच्या दारातून अगदी थोडी ऊर्जा बाहेर झिरपते; माणसाला निरुपद्रवी, पण वायफायच्या कुजबुजीपुढे ती फार मोठी. नेहमीच्या घरगुती ओव्हनचा मॅग्नेट्रॉन विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्याच भागात पेटलेला असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे १० मिलिसेकंद गोंगाट, १० मिलिसेकंद शांतता. त्या शांततेच्या फटींतून वायफाय रेटत राहतं, म्हणून दूध गरम होईपर्यंत नेट पूर्ण तुटत नाही, रखडतं. कुणी वरण गरम करायला घेतलं की कॉल अडकतो, अशी घरातली तक्रार थट्टेवारी नेऊ नये.

यापेक्षा कपटी शत्रू लॅपटॉपलाच चिकटलेला असतो. यूएसबी ३ च्या वेगवान जोडणीतून, विशेषतः स्वस्तातली वायर किंवा हब असेल तर, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर मोजमापांसह एक टिपण प्रसिद्ध केलं. बाहेरची हार्ड डिस्क लावली की माउस अडखळतो, वायफाय मंदावतं. डिस्क काढली की सगळं सुरळीत. या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या ध्यानातच येत नाही, कारण कांड्या फुलच असतात. सिग्नल तेवढाच राहतो, भोवतालचा गोंगाट वाढतो. डिस्क हातभर लांब ठेवली, दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावली किंवा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं की प्रश्न मिटतो. ब्लूटूथ हेडफोन लावून मीटिंग करणाऱ्यांनाही हा शेवटचा सल्ला लागू पडतो.

सिग्नलची ताकद कांड्यांऐवजी आकड्यात पाहायची सवय लावलेली बरी. त्या काळ्या खिडकीत 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' असं इंग्रजीत लिहिलं की विंडोज सिग्नल टक्क्यांत सांगतं. त्या टक्क्यांची निमपट करून त्यातून शंभर वजा केले की रेडिओवाल्यांचा डीबीएम हा आकडा मिळतो: ८० टक्के म्हणजे उणे ६०, ५० टक्के म्हणजे उणे ७५. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की हा आकडा थेट दिसतो, शेजारी गोंगाटाचाही. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ पर्यंत निश्चिंत असावं, उणे ७५ च्या पुढे रडकथा सुरू. हे माप सरळ चढत नाही. दर १० ने उतरलं की ताकद दहावा हिस्सा उरते. उणे ५० आणि उणे ८० यांत हजारपटीचं अंतर आहे. कांड्यांत मात्र तो फरक दोन-तीन कांड्यांचाच दिसतो.

ही ताकद खातं कोण? भिंती, हे तर झालंच. पण भिंत भिंत वेगळी. प्लायची किंवा जिप्समची पार्टिशन वायफाय सहज ओलांडतं. साडेचार इंची विटेची भिंत थोडं खाते, नऊ इंची जास्त. सळयांच्या जाळीचा आरसीसी स्लॅब किंवा अलीकडच्या टॉवरांतल्या सगळ्याच काँक्रीटच्या भिंती बरंच खातात. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती तर पावसाळ्यात ओल धरतात, आणि पाणी या लहरींचं वैरीच. त्यामुळे मे महिन्यात माजघरापर्यंत पोचणारं वायफाय जुलैत ओटीवरच थबकलं, तर नवल नाही. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा यांच्याआड तर राउटर ठेवूच नये. धातू लहरींना परतवून लावतो, आणि आरशाच्या पाठीचा लेप धातूचाच असतो. आपल्याकडे राउटर कुठे बसतो? जिथून फायबर आत आली तिथे. म्हणजे दाराशेजारी, टीव्हीच्या कपाटात, मीटरच्या खोक्याजवळ. दिसायला बरं दिसत नाही म्हणून त्याला शोकेसच्या आत, चांदीच्या ताम्हनाशेजारीही ठेवलेलं असतं. फायबरची वायर दहा मीटर वाढवून राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर आणणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केला जाणारा उपाय आहे.

परतणाऱ्या लहरींचा वेगळाच एक घोळ असतो. राउटरची एकच लहर थेट येते, भिंतीवर आपटून येते, कपाटावरून येते; प्रत्येकीला पोचायला थोडा वेगळा वेळ लागतो आणि लॅपटॉपपाशी त्या एकमेकींत मिसळतात. कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे मारून टाकतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर सव्वाबारा-साडेबारा सेंटिमीटर लांबीची, म्हणून चांगली जागा आणि मेलेली जागा यांत चार बोटांचंही अंतर असू शकतं. लॅपटॉप थोडा सरकवला, कोनात फिरवला की नेट सुधारतं ते यामुळे. त्यात अंधश्रद्धा काही नाही. प्रतिध्वनींच्या या गुंत्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोडगा काढला. ओसलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातले. स्टीफन हॉकिंग यांनी वर्तवलेल्या इवल्या कृष्णविवरांच्या स्फोटाचे रेडिओ स्पंद ते पूर्वी शोधत होते. ते स्पंद काही सापडले नाहीत, पण विस्कटलेले सिग्नल नीट करण्याचं गणित हाती होतं. त्या तोडग्याच्या पेटंटवर संस्थेला पुढे चाळीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त रक्कम मिळाली.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा ऐसपैस आहे. भारतात २०१८ च्या अधिसूचनेनंतर तो बराच मोकळा झाला. तिथे मायक्रोवेव्ह नाही, ब्लूटूथ नाही, आणि वरच्या मजल्यावरच्यांचं वायफायही स्लॅबमधून क्षीण होऊनच येतं. क्षीण होणं इथे फायद्याचं. तोटा हाच की आपलंही दोन भिंतींपलीकडे टिकत नाही. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल आणि लॅपटॉप सारखा इकडून तिकडे उड्या मारत असेल, तर दोघांना वेगळी नावं द्या आणि लॅपटॉपला फक्त ५ चं नाव शिकवा. आणखी एक बारकावा आहे. या पट्ट्यातले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारशी वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली, खरी किंवा खोटी, की राउटरला तो चॅनेल तिथल्या तिथे सोडावा लागतो, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. घरातली सगळी उपकरणं एकदम तुटतात आणि मिनिटाभराने आपोआप परततात, असं वरचेवर होत असेल, तर चॅनेल ३६ ते ४८ मधला किंवा १४९ च्या पुढचा निवडून पाहा.

फोन चालतो आणि लॅपटॉपच अडकतो, असं असेल, तर पहिला संशयित म्हणजे वीजबचत. बॅटरी टिकवण्यासाठी विंडोज वायफायच्या कार्डाला मधूनमधून झोपवतं आणि काही कार्डं नीट जागी होत नाहीत. खूण अशी: चार्जर लावला की नेट सुधारतं, काढला की बिघडतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडल्या की पॉवर मॅनेजमेंटचा कप्पा असतो. तिथली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी खूण काढून टाका. काही नव्या लॅपटॉपांत हा कप्पा नसतोच. दुसरा संशयित ड्रायव्हर. विंडोजच्या अपडेटनंतर त्याच दिवसापासून त्रास सुरू झाला असेल, तर तिथेच 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे. ते जमलं नाही, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नये.

तिसरा संशयित दिसत नाही, पण मला सगळ्यात रंजक वाटतो. लॅपटॉपचा अँटेना वायफायच्या कार्डावर नसतो. बऱ्याच मॉडेलांत तो पडद्याच्या चौकटीत, वरच्या काठाला दडवलेला असतो. कार्ड खाली कीबोर्डच्या पोटात. दोघांना जोडणाऱ्या दोन केसासारख्या बारीक वायरी, बहुधा एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, बिजागरीतून वर जातात. कार्डावर त्या बसतात त्या जेमतेम दोन मिलिमीटरच्या सोनेरी गोल टिचबटणांनी. बॅटरी बदलताना किंवा पंखा साफ करताना यातलं एक निसटलं आणि दुरुस्ती करणाऱ्याने तसंच झाकण लावलं, तर वायफाय मरत नाही, पांगळं होतं. राउटरच्या खोलीत चालतं, दार ओलांडलं की जातं. वर्षानुवर्षं उघडझाप करून बिजागरीतली वायर आतून तुटली, तर पडदा थोडा मागे ढकलला की नेट येतं, पुढे घेतला की जातं. दुरुस्तीहून आल्यानंतर रेंज घटली असेल, तर दुकानात जाऊन 'अँटेनाच्या वायरी नीट बसल्यात का पाहा' असं नेमकं सांगा. पाच मिनिटांचं काम असतं. नवं कार्ड विकत घ्यायची गरज बहुधा पडत नाही.

दुखणं येतं-जातं असं असेल आणि तपासायला बसलं की नेमकं नाहीसं होत असेल, तर विंडोजकडे आपण होऊन ठेवलेली एक वही आहे. काळी खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' म्हटलं की मागच्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं आणि का, याचा आलेखासकट अहवाल तयार होतो. तुटण्याच्या वेळा रोज दुपारी बाराच्या सुमाराला जमलेल्या दिसल्या, तर स्वयंपाकघराकडे पाहा. लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच तुटत असेल, तर पुन्हा ड्रायव्हर.

राउटरचा अडॅप्टर हा दुर्लक्षित प्राणी. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, वर्षानुवर्षं तापत राहतात आणि आतले कपॅसिटर सुकतात. मग राउटर रिकामा असताना चालतो, चार जण एकदम वापरू लागले की व्होल्टेज पडतं आणि तो स्वतःच रीस्टार्ट होतो. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागताना दिसले किंवा राउटरच्या पानावर 'अपटाइम' काही तासांचाच दिसला, तर राउटर बदलण्याआधी तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्याच अँपिअरचा अडॅप्टर लावून पाहा. वीज जाणाऱ्या गावांत इन्व्हर्टर वेळेवर उठत नाही आणि क्षणभराच्या खंडासाठी राउटर दोन मिनिटं घेतो. त्यावर राउटरपुरता मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस उत्तम.

रेंज वाढवायला लावतात त्या एक्स्टेंडरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. साधा एक्स्टेंडर ऐकतो आणि बोलतो एकाच चॅनेलवर, त्यामुळे प्रत्येक निरोप हवेतून दोनदा जातो आणि वेग निम्म्यावर येतो. त्यात लोक तो लावतात जिथे रेंज नाही तिथे. तिथे त्यालाही रेंज नसते. लावायचाच, तर राउटर आणि ती खोली यांच्या मध्यावर. आणि लॅपटॉप रोज एकाच टेबलावर बसत असेल, तर लॅन वायरीसारखं सुख नाही. कॅट ५ई वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग नेते. लॅपटॉपला पोर्ट नसेल, तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. वायरीला ना चॅनेल, ना शेजारी, ना जांभ्याची भिंत.

उरला राउटरच्या पलीकडचा टप्पा. बाहेरच्या पिंगने दोष तिकडे दाखवला असेल, तर फायबरच्या खोक्यावरचा 'एलओएस'चा दिवा पाहा. तो लाल लुकलुकत असेल, तर खोक्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. रीस्टार्टचा सल्ला देणाऱ्या मदतकेंद्राला तेवढं एक वाक्य सांगितलं की थेट माणूस पाठवतात. दिवा लाल नाही आणि तरी नेट तुटत असेल, तर येणाऱ्या माणसाला त्याच्या मीटरवर प्रकाशाची पातळी मोजायला सांगा. घराघरांतल्या जीपीओएन प्रकारच्या फायबर-खोक्यांना ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएममध्ये लागते. उणे २७ च्या काठावर असेल, तर दिवसा चालतं, रात्री तुटतं, असले चाळे सुरू होतात. मग आधी घरातली वायर पाहा. काचेचा धागा तीव्र कोनात वाकला की त्यातला प्रकाश बाहेर सांडतो, आणि आपल्याकडे तो धागा फार वेळा सरकत्या खिडकीच्या फटीतून आत घेतलेला असतो. खिडकी दर वेळी लावली की तो चिमटतो.